ढोलीतली पाकिटं

माझी वहिनी पुष्पलता बालाघाटच्या मुलींच्या शाळेत कॉमर्स शिकवायची. १९७३ साली तिची बैहरला बदली होणार अशी कुणकुण लागली आणि आमची तोंडं उतरली. वाचायचा एकच मार्ग होता. गावातल्या एका कॉलेजला शिकवणारं माणूस हवं होतं, पण एम.कॉम.चं पहिलं वर्ष तरी पास झालेलं.

नोकरी सांभाळून शिकायचं तर गोंदियाला संध्याकाळचे वर्ग होते, नाहीतर पोस्टाने घरी पाठ मागवायचे. माझा भाऊ चैतराम, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, गोंदिया बरं, समोर मास्तर तरी असतो. वहिनीने विचारलं, मी रात्री साडेदहाच्या गाडीने येणार, तोवर पोरींना कोण जेवू घालणार, आणि आईला काय सांगणार? दादाला साधं वरण फोडणीला टाकता येत नाही, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक. पोस्टाचं ठरलं.

आईला, म्हणजे गोदाबाईला, यातलं काही सांगितलं नाही. थोरला भाऊ मंडल्याला बदलून गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून बदलीचा शब्द निघाला की आई जेवण सोडायची. लपवण्यात आम्ही सगळेच पटाईत, आणि तेच अंगाशी आलं.

जुलैत फॉर्म गेला. ऑगस्टपासून पाठ यायचे होते. दिवाळी गेली, संक्रांत गेली, एक पाकीट नाही. वहिनीने दोन पत्रं टाकली, त्यांचंही उत्तर नाही. परीक्षा एप्रिलमध्ये. "गोंदियाच धरायले पाह्यजे होतं," ती सारखी म्हणायची. शिकलेली बाई स्वतःवर किती चिडू शकते ते मी त्या थंडीत पाहिलं. फेब्रुवारीत तिने जाहीर केलं, आता सोडून देते.

दुसऱ्याच दिवशी बाजारात पोस्टमन महागू दिसला. वहिनीने भाजीवाल्यांसमोर त्याला फैलावर घेतलं.

"बाई, मायावर काहून रागावता?" तो म्हणाला. "नऊ पाकिटं आजीच्या हातात देल्ली मी!"

वहिनी तरातरा घरी आली. मी मागे जवळजवळ पळतच होते. चपलासुद्धा न काढता तिने विचारलं, "आई, माह्यी पाकिटं कुठं हायेत?"

आईने आढेवेढे घेतले नाहीत. धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, हात घालून तिने एकेक पाकीट बाहेर काढलं. खाकी, जाड, शिक्का मारलेली. एकही फोडलेलं नव्हतं.

"थोरल्याले असंच पाकीट आलतं," आई म्हणाली. "मले वाचता येत नाही, पण शिक्का समजते. तुमाले मी बदलीवर जाऊ देणार नाही."

वहिनी तिथेच खाली बसली. शिक्क्यांवरच्या तारखा पाहत तिने मोजलं, ऑगस्टपासूनचे सगळे पाठ होते. तिच्या दोन पत्रांची उत्तरंसुद्धा त्यातच असणार. तिने पाकिटं पोटाशी धरली आणि भांडायचं राहूनच गेलं. माझाही जीव भांड्यात पडला.

"अवो आई, हा बदलीचा हुकूम नाही. हे शिकली तं इथंच कॉलेजात लागन मी. नाही शिकली तं बैहरले जाव लागन."

आईने वरच्या पाकिटाच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "मंजे मीच तुले घरातून काढून राह्यली होती?"

"हौ," वहिनी म्हणाली, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा खळखळून हसली.

आई हसली नाही. तिने वहिनीच्या खांद्यावरची भाजीची पिशवी काढून घेतली.

"मंग बसली काय? फोड ते. वाच."