दुसऱ्यांच्या पोरी

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत विद्यापीठाच्या मुलींची बास्केटबॉल मॅच असली की आमच्या इमारतीतले काका पहिल्या रांगेत हजर. मूळचे पुण्याचे, इंजिनियर. टीव्हीवरच्या, अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या मॅचेससुद्धा ते सोडत नाहीत. कुणी म्हणालं, "बायकांचा खेळ संथच," की काका तुटून पडतात, "आल्झो, म्हणजे हे बघा, आधी बघायला शिका!" मुलींना सरावाला हॉल मिळावा म्हणून मी पत्रकं काढली, तेव्हा अर्धा गठ्ठा त्यांनीच वाटला. मला वाटलं, चला, एक तरी पुरुष आपल्या बाजूचा निघाला.

परवा बॉल प्रेक्षकांत आला. त्यांच्या चौदा वर्षांच्या लेकीनं तो झेलला आणि थेट पलीकडच्या खेळाडूच्या हातात फेकला. मध्यंतरात कोचबाई वर आल्या. "हिला आमच्या ज्युनियर टीममध्ये पाठवा." पोरगी उठूनच उभी राहिली.

काका गोड हसले. "नाइन, डांके. नको, तिला अभ्यास असतो."

"आणि दादा फुटबॉलला जातो ते?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"त्याचं वेगळं."

"वेगळं म्हणजे काय, काका?" मी मध्ये पडले.

"अगं, उद्या गुडघा मोडून बसली तर लग्न कोण करणार हिच्याशी? तुमच्या पत्रकात नसतं ते."

शिट्टी वाजली. काका ताडकन उठून मैदानाकडे ओरडले, "घुस गं पोरी, घाबरतेस कुणाला!"

मैदानातल्या जर्मन मुलीला त्यातलं काही कळलं नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीला मात्र शब्दन् शब्द कळला.