खोलीला टाचणी लागत नाही

फॉलकाकींच्या घरात चिठ्ठी नसलेली वस्तू शोधूनच काढावी लागे. साड्यांना फॉल-पिको करून द्यायचा त्यांचा धंदा. आलेल्या प्रत्येक साडीच्या पदराला त्या वहीच्या कागदाचा तुकडा टाचणीनं लावायच्या, त्यावर नाव आणि तारीख. इथवर ठीक होतं. पण साठी उलटल्यावर बाईंनी घरातल्या सामानालाही चिठ्ठ्या लावायला घेतल्या. तांब्याच्या कळशीच्या फडक्याला 'जाऊबाई'. भिंतीवरच्या घड्याळाखाली शेजारणीचं नाव, 'जिग्नाबेन'. शिलाई मशीनच्या कव्हरला 'पिंकी'. आपण चहा प्यायला बसावं, तर खुर्चीच्या उशीला कुणाचं तरी नाव! "काकी, हे काय आरंभलंय?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "मी गेल्यावर भांडणं नकोत. ज्याचं त्याला."

जेसल पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर राहायच्या, मी वर तिसऱ्यावर. खिडकीतून सारखा आवाज यायचा, "आंटी, कल मिलेगा क्या?" आणि काकींचं ठरलेलं उत्तर, "कल कायको? आज सात बजे ले जाव." सात म्हणजे सात. एकदा अंगात ताप असताना त्यांनी अकरा साड्या पुऱ्या केल्या होत्या. उलट दोन दिवस उशिरा साडी न्यायला आलेल्या एका नव्या नवरीला त्यांनी असं झापलं की बिचारी पुढच्या वेळी साताच्या आधीच येऊन पायरीवर बसली. "मी टायमावर दिली, तर तू टायमावर न्यायला नको?" वेळ न पाळणारा माणूस त्यांना खोटारड्यापेक्षा वाईट वाटायचा.

पिंकी त्यांची पोटची नव्हती. काकी पूर्वी एका कारखान्यात काज-बटणाचं काम करायच्या, तिथं शेजारी बसणाऱ्या बाईची ही मुलगी. ती बाई आजारानं गेली, बाप 'गावाला जाऊन येतो' म्हणून युपीला गेला तो गेलाच. पाच वर्षांच्या पोरीला काकी घरी घेऊन आल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दत्तक-बित्तक काही कागद केला नाही, कुणाला सुचलंच नाही. पोर पहिल्या आठवड्यात 'आंटी' म्हणाली, दुसऱ्यात 'आई'. आता ती चोवीस वर्षांची आहे, एका लॅबच्या काउंटरवर बसते आणि मराठी माझ्यापेक्षा खणखणीत बोलते.

आता माझ्याबद्दल सांगतो. सांगायची लाज वाटते, पण त्याशिवाय काकी पुऱ्या होत नाहीत. मी सव्वीस वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात कारकून होतो. रिटायर झालो तरी बिल्डिंगमध्ये मला 'वकीलसाहेब' म्हणतात, आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. गोड वाटायचं, दुसरं काय! गणपतीच्या आधी एका दुपारी काकी जिना चढून वर आल्या. गुडघे दुखत असताना आल्या, म्हणजे काम तसंच असणार.

"भाऊ, सगळ्याला चिठ्ठी लावून झाली. खोलीला टाचणी लागत नाही. तिला तुमचा कागद लागतो."

खोली पिंकीला द्यायची होती. सोसायटीत तिचं नाव नॉमिनी म्हणून लागलेलं होतं, पण नॉमिनी म्हणजे सांभाळणारा, मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर कायद्यानं ती खोली काकींच्या गावाकडच्या दिराकडे जाणार, हे मीच त्यांना ऐटीत समजावलं. "दहा तारखेपर्यंत करून देतो," म्हणालो. काकींनी खुश होऊन माझ्या टेबलावरचा एक लांब कागद उचलला, गळ्यातली टेप काढली आणि त्याची लांबी-रुंदी मोजली. मला हसू आलं. "काकी, कागदाला फॉल लावणार काय?" त्या नुसत्या हसल्या.

मृत्युपत्राला काय लागतं? साधा कागद चालतो. लिहिणाऱ्याची सही, आणि ती सही बघणारे दोन साक्षीदार. मला हे झोपेतही सांगता आलं असतं. पण मी वकीलसाहेब ना! मला भारदस्त भाषा हवी होती, टाइप केलेलं हवं होतं, साक्षीला डॉक्टर हवा होता. त्यात गणपती आले. मग पितृपक्ष लागला, तेव्हा मी म्हणालो, "या दिवसांत असला कागद नको, काकी." त्या म्हणाल्या, "का? पितृपक्षात कुणी मरत नाय काय?" मी दसऱ्यावर ढकललं. दसऱ्याला डॉक्टर गावाला, दिवाळीत माझी मुलगी आलेली. मग प्रिंटर बिघडला. प्रिंटर! त्या दर सोमवारी जिन्यात विचारायच्या, "भाऊ, झालं?" पुढंपुढं तर मी खिडकीतून बघून, त्या आत असल्या की मगच खाली उतरायचो. एवढा मोठा माणूस मी, चोरासारखा जात-येत होतो.

शेवटच्या वेळी त्यांनी मला गाठलंच. रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. "भाऊ, साडी असती तर मीच बसून पुरी केली असती," एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं, या आठवड्यात नक्की.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी मशीनवर बसल्या बसल्या काकी कलंडल्या. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. मशीनवरची साडीही अर्धीच राहिली होती. ती पिंकीनं रडत रडत पुरी केली आणि चिठ्ठीवरच्या तारखेला दिली.

तेराव्यानंतर दिराचा मुलगा संतोष सामान वाटायला बसला. मला वाटलं होतं, कुणी तरी आडदांड येईल, भांडेल, म्हणजे मला त्याच्यावर रागावता येईल. पण हा सरळ निघाला. एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचून ज्याची त्याला वस्तू देत होता. जिग्नाबेन घड्याळ छातीशी धरून रडली. सगळं वाटून झाल्यावर तो माझ्याकडे वळला.

"काका, चिठ्ठ्या हायत ते सगळं मी दिलं. खोलीवर काय लिहिलेलं नाय. तुम्ही कायद्यातले. खोलीचं काकू तुमच्याशी काय बोलली होती का? तिची तशी इच्छा असेल तर माझे वडील, आप्पा, नाय म्हणायचे नाहीत. पण नुसतं पिंकी सांगते म्हणून मी त्यांना काय सांगू?"

अख्खी बिल्डिंग दारात उभी होती. 'हो' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न होता, मग कागद का नाही केला? माझ्या तोंडून निघालं, "तसं... स्पष्ट काही बोलणं झालं नव्हतं."

पिंकीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. 

महिन्याभरात तिनं जवळच्या मुर्धा गावात भाड्यानं एक खोली घेतली. टेम्पोत मशीन चढवून झाल्यावर ती वर माझ्या दारात आली. हातात एक कापडी पिशवी होती. निळं जाड कापड, आत अस्तर, वर बटण. काजं काकींच्या हातची, लगेच कळली. "ही मशीनच्या खणात होती. तुमच्या नावाची आहे," ती म्हणाली. "काका, येते."

पिशवीला चिठ्ठी होती. 'भाऊ. पिंकीचा कागद ठेवायला.' खाली तारीख, दहा. मी कबूल केलेली तीच दहा तारीख. मी टेबलावरचा लांब कागद आत सरकवला, तर अगदी मापात बसला. काकींनी त्यांचं काम वेळेवर करून ठेवलं होतं.

माझं स्वतःचं मृत्युपत्र मी त्याच आठवड्यात केलं. साध्या कागदावर, हातानं. साक्षीला समोरचा किराणावाला आणि जिग्नाबेनचा नवरा. चहा धरून वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं! त्या पिशवीत मात्र ते ठेवायचा धीर झाला नाही.

खोली अजून कुलूपबंद आहे, विकलेली नाही. संतोषचा नंबर माझ्याकडे आहे. पण त्याला काय तोंड दाखवायचं, पुढच्या रविवारी बघू, असं करत मी दोन महिने काढले. म्हणजे काकी गेल्या तरी माझी खोड गेली नाही.

आज पिशवी टेबलावर घेतली. काकींची चिठ्ठी काढली नाही, तिच्याखाली दुसरी टाचली. 'संतोषला खरं सांगणे.' आणि आजची तारीख. तो सातला कामावरून घरी येतो. सात वाजत आलेत. काय बोलायचं ते आधी कागदावर नीट, व्यवस्थित लिहून काढावं, असं मनात आलं आणि माझी मलाच शिसारी आली.

फोन लावला.