काका म्हणायचं नाही

पहिल्या भेटीत श्रीधरकाकांनी मला एकच अट घातली: डोंगरात त्यांना काका म्हणायचं नाही, नुसतं श्रीधर म्हणायचं. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, वय सदुसष्ट. डेन्व्हरमधल्या आम्हा पाच-सहा मराठी लोकांना ते बर्फातल्या डोंगरांत न्यायचे. "काकांना नाही म्हणायची आपल्याला सवय नसते," ते म्हणत. "आणि कोसळणारा बर्फ, अ‍ॅव्हलांच, नाती बघत नाही." आम्ही माना डोलवायचो आणि विचारायचो, "मग काका, किती वाजता निघायचं?"

निघायचं पहाटे. वसंतात रात्री गोठलेला बर्फ सकाळी फरशीसारखा टणक असतो. ऊन चढलं की त्यात पाणी सुटतं आणि अख्खा उतार खाली येऊ शकतो. काकांचं मोजमाप सोपं होतं: "बूट घोट्यापर्यंत रुतला तर सावध, पोटरीपर्यंत रुतला तर घरी." उतार एकेकानेच ओलांडायचा, बाकीच्यांनी लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. एकदा आमच्यातला निखिल मध्यावर असताना त्याची बायको डबा घेऊन मागून निघाली, त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून. काकांनी तिला हाताला धरून मागे ओढलं. "दोघं गाडले गेलात तर शोधणार कोण? तुमचा पराठा?"

गेल्या एप्रिलमध्ये त्यांची शेवटची ट्रिप होती. गुडघे गेले होते, मुलाकडे चँडलरला, वाळवंटातल्या शहरात, कायमचं राहायला जायचं होतं. एका खिंडीपलीकडचं तळं त्यांना बघायचं होतं. तीनदा तिथून ते स्वतःच परत फिरले होते. निरोपाचा शिरा आणि फोटो यांत आमचा तास गेला. शेवटच्या उताराशी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बूट पोटरीपर्यंत रुतत होते, वरून बर्फाचे गोळे घरंगळत होते. काकांनीही ते पाहिलं.

"दहा मिनिटांचं तर काम," ते म्हणाले. "मी आधी जातो."

कोणी बोलेना. मीही दुसरं कोणी बोलेल म्हणून थांबले होते. त्यांनी उतारावर पाऊल टाकलं.

"श्रीधर, थांब," मी म्हणाले. "मागे फिर."

काका पाठमोरेच थांबले. मग आपल्याच पावलांवर पाय देत मागे आले. पार्किंगपर्यंत ते सगळ्यांच्या पुढे एकटेच चालत राहिले.

तिथे आम्ही सामान आवरत असताना एक अमेरिकन जोडपं उतरून आलं. आमच्यानंतर त्यांनी तोच उतार ओलांडला होता. तळ्याचा फोटो त्यांनी हौसेने दाखवला. काकांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि फोन परत दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली.

"माफी कसली? उतार खाली आला नाही, एवढंच झालं. तो सुरक्षित होता असं कुठे ठरलं?" बूट सोडत ते म्हणाले. "राग आलाय मला तुझा. चार दिवस राहील. पण यापुढे जो कोणी पुढे असेल, त्यालाही असंच थांबव."

पुढच्या आठवड्यात ते चँडलरला राहायला गेले. तळं त्यांनी त्या फोनवर पाहिलं, तेवढंच.