उजवीकडचा खिसा

आत्माराम शिंप्याने उभ्या आयुष्यात नवं कापड फार थोडं कापलं, आणि जे कापलं ते नाइलाजाने. कोऱ्या कापडाला कात्री लावायची वेळ आली की त्याचा हात जड होई. “याला अजून काही झालेलंच नाय,” तो म्हणे. कापडाने आधी जरा संसार करावा, चार डाग सोसावेत आणि मग आपल्याकडे यावं, असा त्याचा एकूण विचार होता. जुनं गाठोडं दारात आलं की मात्र त्याचा चेहरा उजळे. धोतरांचे परकर होत, परकरांची झबली होत, आणि झबल्यांच्या चिंध्यांची त्याची बायको मैना गोधडी शिवी. देवीच्या ओटीत पडलेले खण पुजाऱ्याकडून त्याच्याकडे येत आणि चोळ्या होऊन दर मंगळवारी पुन्हा देवीच्याच दर्शनाला जात. देवीने कधी ओळख दाखवली नाही.

आत्माराम मुळात रत्नागिरीचा नव्हे. एका नाटक कंपनीबरोबर कपडेपटाची पेटी सांभाळत तो गावोगाव फिरत होता. कंपनी अशी की जाहिरातीतलं तिचं नाव तिच्या नटसंचापेक्षा लांब होतं. एकच हिरवा पडदा पहिल्या अंकात अरण्य असे, दुसऱ्यात भीमाचा जामा आणि खेळ संपला की मालकांचं पांघरूण. या फिरतीत आत्मारामला एक गोष्ट कळली. दहा हातांवरून सगळं नवं दिसतं.

दुसरी गोष्ट त्याला राजापुरात कळली. ऐन दरबारात महाराजांची मिशी गळून पडली. पडली ती थेट प्रधानाच्या पायाशी, आणि प्रधान नमस्काराला वाकलेलाच होता. मालकांनी पडदा पाडला आणि विंगेत हुकूम सोडला, “सगळ्यांच्या मिशा काढा.” पुढच्या प्रवेशात राजा, प्रधान, सेनापती, इतकंच काय, कैदेत असलेला राक्षसही गुळगुळीत ओठांनी रंगभूमीवर आला. प्रेक्षकांना वाटलं, मधल्या वेळात राजाचा बाप वारला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. महाराजांना नाटकात नसलेला शोक दोन पदं जास्त करावा लागला. ही हकिकत आत्माराम पुढे जन्मभर सांगत राहिला. मैनाला ती इतकी पाठ झाली होती की तो मध्ये अडखळला तर ती चुलीपाशी बसून पुढचं वाक्य पुरवी.

बावीस साली कंपनी रत्नागिरीच्या बंदरात मोडली. आगबोट खोल पाण्यात उभी, धक्क्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, आणि पडावात पेटीला जागा होईना. “तू पेटीपाशी बस. उद्याच्या बोटीने माणूस पाठवतो,” मालक म्हणाले. आत्माराम आठ दिवस धक्क्यावर बसला. नवव्या दिवशी त्याने पेटी उघडली. इंद्राच्या मखमली जाम्यातून अकरा कुंच्या निघाल्या. रामआळीत त्या वर्षी जन्मलेल्या प्रत्येक पोराने इंद्रपद डोक्यावर घेतलं आणि शक्य तिथे ओलंही केलं.

मग दुकान झालं, मशीन आलं, मैना आली. पण आत्मारामचं नाव झालं ते कोट उलटवण्याने.

त्या काळी कचेरीतल्या माणसाला अल्पाकाचा काळा कोट लागेच. रत्नागिरीचं ऊन आणि खारा वारा यांच्यापुढे तो कोट पाच-सहा वर्षांत पाठीवर विटे आणि कोपरांवर चकाके. आत्माराम असा कोट पुरता उसवी, प्रत्येक तुकडा पालथा करी आणि पुन्हा शिवी. आतली, ऊन न पाहिलेली बाजू वर येई. माणूस जुना आणि कोट नवा. अडचण एकच होती. कोट पालथा केला की डावं ते उजवं होतं. त्यामुळे छातीवरचा जो खिसा देवाने आणि इंग्रजांनी डावीकडे नेमून दिलेला, तो उजवीकडे येई.

काही शिंपी तो खिसा रफू करून बुजवत आणि डावीकडे नवा पाडत. आत्मारामला ते पटत नसे. “रफू झाकावं लागतं,” तो म्हणे. “आणि झाकायला लागलं की माणसाचा हात सारखा तिथंच जातो. त्यापेक्षा खिसा असंल तिथं असूं दे. कारकुनाच्या छातीकडं बघतंय कोण? कोणाच्या बापाला कळणार नाय.”

दहा वर्षं खरंच कोणाच्या बापाला कळलं नाही. एकतीस-बत्तीसच्या सुमाराला सरकारलाही कात्री चालवायची हौस आली आणि पगार कापले गेले, तेव्हा तर आत्मारामकडे कोटांची रांग लागली. दुपारी जेवून गाव आडवा झाला की एकेक कारकून मागच्या दाराने यायचा आणि बगलेतलं पुडकं ठेवून पाऊसपाण्याचं बोलत बसायचा. आत्माराम कोणाचा कोट कोणाला सांगत नसे. मैनाने विचारलं तरी नाही. एका टेबलावर बसणारे दोघे आपलाच तेवढा उलटलेला म्हणून एकमेकांच्या कोटांची मनापासून स्तुती करत.

आणि मग कचेरीत सगळ्या कारकुनांच्या वर नवे शिरस्तेदार आले. बदली देशावरची, नाक लांब, बोलणं छापल्यासारखं. बाकीचे लोक उपरणं गळ्याभोवती दोन्हीकडे सोडत. यांचं उपरणं उजव्या खांद्यावरून एकेरी, छातीवर सोडलेलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर हात. पुण्याकडची ऐट असेल म्हणून लोकांनी ती मान्य केली.

पहिल्याच दिवशी ते दप्तरात फिरले आणि आप्पांच्या टेबलाशी थांबले. आप्पा रेकॉर्डकीपर, तीस वर्षांची नोकरी. आवाज त्यांनी आयुष्यात दोनदाच चढवला होता, आणि तोही उंदरांवर.

“आप्पा, तुमचं काळीज उजवीकडे आहे वाटतं?” शिरस्तेदारांनी विचारलं.

“नाही साहेब. का?”

“खिसा तिकडे दिसला म्हणून. आमच्या पुण्यात शाळेतली पोरंही ओळखतात. खिसा उजवा, कोट उलटा.” मग त्यांनी खोलीभर नजर फिरवून हळूच मोजलं. “सात. सात कोट उलटे. दप्तर तरी सुलटं आहे ना?”

पट्टेवाला केरू हसला, कारण साहेबांच्या विनोदाला हसणं हे त्याच्या कामातच होतं.

संध्याकाळी आप्पा आत्मारामच्या दुकानात आले ते प्रथमच पुढच्या दाराने.

“कोणाच्या बापाला कळणार नाय म्हणालास.”

“बापांना नायच कळलं, आप्पा. शिरस्तेदाराला कळलं.”

“थट्टा नको, मेल्या. सगळी कचेरी आज माझ्या छातीकडं बघत होती. घरी गेलो तर विमला विचारत्येय, बाबा, कोट उलटवलात होय? पोरीला आळीत कोणी तरी सांगितलं.” आप्पा खाली बसले. “आम्ही सातही जणांनी ठरवलंय. महिनाअखेर कोट आणून देतो. होते तसे परत सुलटे कर.”

“विटके दिसतील.”

“दिसूं देत. विटका कोट म्हणजे गरीब माणूस. उलटा म्हणजे लपवणारा माणूस. गरीब म्हणून मी तीस वर्षं काढली, ती अंगवळणी पडल्येत.”

आप्पा गेल्यावर आत्माराम बराच वेळ रिकामं मशीन चालवत बसला. सात कोट परत सुलटे झाले की गावात एकही माणूस पुन्हा कोट उलटवायला येणार नव्हता. धंदा तर जाणारच होता, पण खरी टोच दुसरी होती. जुन्याचं नवं करणं ही आपली करामत आहे असं तो समजत आला होता. एका माणसाच्या एका वाक्याने ती लबाडी ठरली होती, आणि त्याच्या शब्दावर विश्वासलेली सात माणसं त्यात पकडली गेली होती.

“जेवायचं नाय का?” मैनाने विचारलं.

“भूक नाय गो.”

“एका खिशापायी? त्या तुमच्या महाराजांची मिशी पडली तेव्हा मोठा तोडगा निघाला होता ना. काढा आता सगळ्या गावाच्या मिशा.”

मशीन थांबलं. आत्माराम उठला आणि जेवायला बसला. त्या दिवशी त्याने भात दोनदा मागून घेतला, आणि मैनाला वाटलं की बोलणं लागलं नाही. ते लागलं होतं, पण वेगळ्याच जागी.

तीन दिवसांनी सखारामपंत वकील नवा कोट शिवायला आले. सखारामपंत म्हणजे गावातला पहिला माणूस, कशातही. पहिलं फाउंटनपेन त्यांचं, आणि ते गळून पडलेला पहिला डागही त्यांचाच. कापड मुंबईचं, करकरीत. आत्मारामने ते मापलं आणि खडू कानावर ठेवून विचारलं, “खिसा कुठं घेऊं?”

“कुठं म्हणजे? असतो तिथं.”

“बरं. जुन्या पद्धतीनं.”

सखारामपंत आरशाकडे जाता जाता थांबले. “जुन्या म्हणजे?”

“नाय, काय नाय. आमचं काय, गिऱ्हाईक सांगंल तसं.”

“आत्माराम, बोल.”

“परवा मुंबईच्या बोटीनं एक साहेब उतरले. बॅरिस्टरच असावेत. त्यांच्या कोटाला खिसा उजवीकडं. मी म्हटलं, साहेब, शिंप्याची चूक झाली काय?”

“मग? काय म्हणाले?”

“बोलले काय नाय. माझ्याकडं बघून नुसते हसले.”

सखारामपंत खिडकीबाहेर पाहू लागले. नुसतं हसणाऱ्या त्या बॅरिस्टराने त्यांना पुरतं हरवलं होतं. “हसणारच,” ते म्हणाले. “तुम्हां लोकांना काय माहीत असतं? उजवीकडेच घे. मी सांगणारच होतो.”

त्या दिवशी आत्मारामने कोरं कापड खुशीने कापलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही.

बाकीचं काम वकिलांनी केलं. कोर्टाच्या व्हरांड्यात कोणी तरी खिशाकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की डावीकडे काळीज असतं, त्यावर पेन, घड्याळ, कागद यांचा भार पडणं बरं नाही, विलायतेत हे आता कोणी करत नाही. ही माहिती त्यांनी त्याच क्षणी निर्माण केली होती, पण इंग्रजीत सांगितल्यामुळे ती फार जुनी वाटली. आठवड्यात डॉक्टरांनी खिसा बदलला. रोगी विचारायला लागण्याआधी बदललेला बरा. मग हेडमास्तरांनी. मग एका व्यापाऱ्याने तर डावीकडचा बुजवून उजवीकडे दोन पाडून घेतले. महिनाअखेर आली आणि आप्पांसह सातांपैकी एकही जण कोट घेऊन आला नाही. आप्पा उलट उजव्या खिशात घडी केलेला पांढरा रुमाल ठेवू लागले. विमलाने तो हौसेने बेतला होता आणि कोपऱ्यात फूल काढलं होतं.

कचेरीत डाव्या खिशाचा एकच माणूस उरला. एके सकाळी दार उघडता उघडता केरू पट्टेवाल्याने अगदी भाबडेपणाने विचारलं, “साहेब, कोट उलटवलात काय? खिसा डावीकडं गेला.”

आप्पांनी मान वर केली नाही. रुमालाचं फूल तेवढं सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मैना आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, “शिरस्तेदार आलेत. मागच्या दारानं.”

मिटलेल्या छत्रीच्या आत वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्राच्या आत कोट, अशा बंदोबस्ताने साहेब आले होते. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, “खिसा इकडचा तिकडे करायचा. माझा काही आग्रह नाही. पण राहायचं तिथली रीत पाळावी.”

“तर काय,” आत्माराम म्हणाला आणि उजव्या बाजूचं अस्तर उसवू लागला.

चार टाके निघाले आणि त्याचा हात थांबला. उजव्या छातीवर, जिथे इतके दिवस उपरणं असायचं तिथे, एक बुजवलेला खिसा होता. रफू सुरेख होतं. डोळ्यांना दिसलं नसतं, बोटांना कळलं. कोट पुण्यातच कधी तरी उलटला होता. शाळेतली पोरं ओळखतात ती खूण साहेब कुठे शिकले, तेही आता कळलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बाहेर कोणाची तरी कोंबडी ओरडत होती आणि दोघांनीही तिकडे फार लक्ष दिलं.

“काम मोठं नाय, साहेब,” शेवटी आत्माराम म्हणाला. “खिसा इथं... म्हणजे, जागा तयार आहे. बसा. चहा होईस्तोवर होईल.”

त्याने पुण्याचं रफू टाका टाका सोडवलं, जपून, चांगल्या हाताचं काम म्हणून. मग डावीकडचा खिसा बुजवला. आपल्या नियमाविरुद्ध, काही झाकायचं म्हणून त्याने रफू केलं ते एवढंच.

कोट घालून शिरस्तेदार दारापर्यंत गेले आणि तिथे घुटमळले. “आत्माराम, हे जरा...”

“कोणाच्या बापाला कळणार नाय.”

संध्याकाळी आप्पा आले. “तो आला होता म्हणे?”

“खिसा बदलून घेतला.”

“नवा पाडलास?”

आत्मारामने सुईत दोरा ओवला. आत मैनाच्या हातातलं भांडं थांबलं. चहा तिनेच नेऊन दिला होता आणि तिला डोळे होते. एवढा गोड घास पुन्हा कधी ताटात पडणार नव्हता.

“होय,” आत्माराम म्हणाला. “नवाच.”

आठ दिवसांनी आप्पा सहज म्हणाले, “तो शिरस्तेदार आता उपरणं डाव्या खांद्यावर घेतो. हात पण तिकडंच ठेवलान. ही आणखी कुठली फॅशन रे?”

“असंल मुंबईची,” आत्माराम म्हणाला.

आप्पांनी ते घरी सांगितलं, घरून ते आळीत गेलं, आणि पुढच्या सोमवारी सखारामपंत वकील डाव्या खांद्यावर उपरणं आणि त्यावर हात अशा बेताने कोर्टाची पायरी चढले. कोणी कारण विचारलं, तेव्हा ते नुसते हसले.