मुठीतली गोळी

केडगावात धुरपदाबाईंचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. झेंडूचा भाव असो की कुणाची सोयरीक, बाई म्हणाल्या म्हणजे झालं. एवढ्या खमक्या बाईनं पोटच्या लेकीला फसवलं, हे स्वतःशी कबूल करतानाही त्यांची जीभ आज अडखळते.

लेक अपेक्षा. सोळाव्या वर्षी तिला फिट येऊ लागल्या. दौंडच्या डॉक्टरांनी फिनोबार्बिटोनची गोळी सुरू केली आणि पुढची सहा वर्षं एकही फिट आली नाही. जेवण झालं की आई गोळी हातावर ठेवायची, लेक न बघता गिळायची. तिला जरा सुस्ती राही, बोलणं संथ होई, इतकंच.

मग पाटसचं स्थळ आलं. फिटचं आधीच सांगून टाकू, असं अपेक्षा म्हणत होती. बाईंनी तिला गप्प बसवलं. बघायच्या कार्यक्रमात पोरगी चुणचुणीत दिसायला हवी ना! बाई मुठीतून कॅल्शियमची गोळी देऊ लागल्या. तीही तशीच पांढरी. आठवडाभर काही झालं नाही. लेक खुलली, भराभर बोलू लागली. डॉक्टर उगाच घाबरवतात, असं बाईंनी ठरवूनही टाकलं.

दहाव्या दिवशी पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे धरलेला असतानाच अपेक्षा कोसळली. तिचे हातपाय झटके देत होते, आणि बाई पाहुण्यांना सांगत होत्या, उपासानं पित्त झालंय.

दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरांनी ओळखलं, की बरेच दिवस गोळी पोटात गेलेली नाही, आणि समजावलं. ही गोळी अंगातून सावकाश उतरते, म्हणून आठवडा निभावला. पण मेंदूला तिची सवय झालेली असते. एकदम तोडली की तो भडकतो, जीवसुद्धा जातो. बंद करायची तर महिनोन्महिने थोडी थोडी कमी करत. मग त्यांनी विचारलं, गोळी चुकली कशी?

"माझ्याकडूनच चुकली असंल," अपेक्षा कॉटवरून पुटपुटली. "आईला बोलू नका. ती रोज आठवणीनं देती."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तिची चूक न्हाई," त्या पदराआडून म्हणाल्या. "म्याच दुसरी गोळी देत हुते."

अपेक्षानं तोंड भिंतीकडे वळवलं.

स्थळ मोडलं, त्याचं तिनं मनाला लावून घेतलं नाही. आईला ती उलटूनही बोलली नाही. पण आता बाईंनी गोळी पुढं केली, की ती आधी पाकीट मागून घेते, त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचते आणि मगच गिळते. तोवर बाई पाण्याचा तांब्या धरून, खाली बघत उभ्या असतात.