चाळीस सेकंदांची इमारत

सरांनी लहानपणी सर्वांत जास्त मार खाल्ला तो खिडकीबाहेर बघत बसल्याबद्दल. पुढे ते स्वतःच शिक्षक झाले, आणि वर्ग हातात आल्या आल्या त्यांनी पहिलं काम काय केलं, तर सगळे बाक फिरवून त्यांची तोंडं खिडकीकडे केली. फळा मुलांच्या डाव्या हाताला गेला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कपाळाला हात लावला. सर शांतपणे म्हणाले, "मुलं बाहेर बघणारच आहेत, बाई. निदान मान तरी दुखायला नको."

तर असे हे चौथीचे सर. वय चोपन्न, अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा आणि त्यामुळे खिसा कायम पांढरा. लग्न करायचं राहून गेलं. का राहिलं असं विचारलं की ते विचारात पडत आणि उत्तर द्यायचंही राहून जाई. घरी थोरली बहीण होती. ती म्हणायची, "याच्या ताटात वाढावं आणि शेजारी घड्याळ लावून बसावं. घास हातात धरून पाच-पाच मिनिटं छताकडे बघतो. काय दिसतं कुणास ठाऊक!" सरांना खरंच काहीतरी दिसत असे, पण ते ताईला सांगण्यासारखं नसे.

भाच्याने नवा फोन घेतला तेव्हा जुना, कोपऱ्यात तडा गेलेला फोन मामाकडे आला. "मामा, यात फुकटची कितीतरी ॲप आहेत," एवढंच भाचा बोलला, आणि मामाने ते फारच मनावर घेतलं. सरांचा नियम सोपा होता. फुकट आहे तोवर ॲप आपलं. पैसे मागणारं बटण दिसलं की आल्या पावली परत. मोठ्या बाई म्हणत, "फुकट ते पौष्टिक!" पण मधल्या सुट्टीत त्याही चौथीच्या दाराशी रेंगाळत. कारण त्या वर्गात कधी काय चाललेलं असेल याचा नेम नव्हता. आवाज टिपणाऱ्या ॲपवर मुलांनी एकदा शाळेचे आवाज गोळा केले. गळका नळ, घंटा, शिपायाच्या फटफटणाऱ्या चपला. मग डोळे मिटून ते ऐकले आणि ज्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. एकीला नळाच्या आवाजात रडणारा राजा दिसला. नकाशाच्या ॲपवर बोट सरकवत सगळा वर्ग एका दुपारी वाळवंटात जाऊन आला, आणि परत येताना तिघांना खरोखर तहान लागली होती.

या वर्षी शाळा उघडली त्याच आठवड्यात खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेत इमारत होणार अशी पाटी लागली. सर दोन दिवस बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीच्या चौकटीवर लाल चिकटपट्टीने फोनची जागा आखली. रोज पहिल्या तासाला ज्याची पाळी असेल त्याने फोन तिथे टेकवायचा आणि एक फोटो काढायचा. एकच. फोटो एकामागे एक लावून फिल्म करणारं ॲप फुकटच होतं. सेकंदाला पाच फोटो, म्हणजे शाळेचा सहा दिवसांचा आठवडा एका सेकंदाहून थोडा जास्त. मुलांनी त्यावर गणितं केली, विटांचे थर मोजले, पाढे रचले. सुट्टीचे फोटो नसत, म्हणून फिल्ममध्ये दर सोमवारी बांधकाम एकदम वर येई. "रविवारी इमारत उडी मारते," असा शोध मुलांनी लावला आणि सरांनी तो तसाच फळ्यावर लिहून ठेवला.

पाया खणून झाला, बांधकाम करणारी माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर ती आली. गवंड्याची मुलगी. दोन वेण्या, वयाने वर्गापेक्षा मोठी, आणि बाकावर अर्ध्याच जागेत बसायची सवय. पोरांनी तिचं नाव 'पाहुणी' ठेवलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ते खरंच होतं.

"सर, मी नेहमी मधेच येते आणि मधेच जाते," तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "म्हणून मला पुस्तकांतले मधले धडे येतात. पहिला आणि शेवटचा कधी झालेलाच नाही."

तिसरीत ती दोनदा बसली होती. नापास होऊन नव्हे. परीक्षेच्या आधी इमारत पूर्ण व्हायची, बाबांना दुसऱ्या गावी काम मिळायचं, दाखल्यावर 'तिसरीत शिकत होती' एवढंच लिहून यायचं, आणि नवी शाळा तिला पुन्हा तिसरीतच बसवायची. आता चौथीचंही तसंच झालं तर आणखी कुठल्यातरी गावात ती आपल्याहून दोन वर्षांनी लहान पोरांत अर्ध्या जागेवर बसणार होती.

एरवी सरांना हिशेब जमत नसत, पण हा जमला. फोटो होतेच समोर. एका मजल्याला किती दिवस, गिलाव्याला किती, मजले चार. उत्तर आलं ते बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. इमारत परीक्षेच्या तीन आठवडे आधी संपत होती.

त्या दिवसापासून सरांची मोठी पंचाईत झाली. रोज सकाळी मुलं नवा फोटो बघून टाळ्या पिटत, आणि सरांना वाटे, वाळू संपावी, सिमेंटची गाडी वाटेत बंद पडावी. कुणाच्या कामात विघ्न यावं असं मनात आणणं त्यांना शोभत नव्हतं, पण ते आणत होते. मोठ्या बाईंकडे जाऊन त्यांनी विचारून पाहिलं, एकटीचे पेपर आधी घेता येतील का. बाई म्हणाल्या, "घेता आले असते तर मी तुमच्याआधी घेतले असते." मग सर वर्गात येऊन बसले. दुपारची वेळ होती, मुलं चित्रं काढत होती, खिडकीतून आलेल्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती. समोरची इमारत वर चालली होती. सहावा मजला, सोळावा, साठावा. ढगांच्या वर कुठेतरी गवंडी थापी घेऊन नवा थर लावत होता, खाली मुलं एकेक फोटो काढत होती, आणि चौथीचं वर्ष काही केल्या संपत नव्हतं.

कुणीतरी त्यांची बाही ओढली. "सर, तुम्ही एकटेच हसताय," पाहुणी म्हणाली.

शेवटी जे व्हायचं ते झालंच. बांबूच्या परांच्या उतरल्या, रंग लागला, आणि एका गुरुवारी दुपारी गवंडी वर्गाच्या दारात उभा राहिला. हात धुतलेले, तरी नखांत सिमेंट.

"सर, हिचा दाखला पाहिजे होता. सोमवारी निघायचंय."

"अहो, परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय."

"ठाऊक आहे. पण मुकादम थांबत नाही ना."

"मग तिला आमच्याकडे ठेवा. घरी ताई आहे, काही कमी पडू देणार नाही."

गवंड्याने मान हलवली. "तुमचं मन मोठं आहे, सर. पण पोरीला मागे ठेवून गेलो तर तिच्या आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. माझ्याही."

सर फोन उचलत म्हणाले, "आलाच आहात तर मुलांची फिल्म बघून जा."

फोन शाळेच्या प्रोजेक्टरला जोडून भिंतीवरच्या पडद्यावर फिल्म लागली. उजाड जागा, तिथे झोपलेली दोन कुत्री. खड्डा. मग खांब उगवले, मजल्यावर मजला चढला, परांच्या आल्या नि गेल्या, ऊन-सावल्या भराभर लवलवल्या, आणि पांढरी इमारत उभी राहिली. चाळीस सेकंद.

"एवढंच?" गवंडी म्हणाला. सगळा वर्ग खो खो हसला. तोही हसला. "वर्षभर पाठ मोडली की हो माझी!"

"बाबा, तो ठिपका तुम्ही," पाहुणी उठून पडद्याजवळ गेली. "हाही तुम्हीच. ती आई."

"उलटी लावा, सर, उलटी!" पोरं ओरडली. तेही बटण फुकटच होतं. रंग उतरला, खिडक्यांची भोकं झाली, मजले एकेक करून हवेत विरले, विटा जिथून आल्या तिथे गेल्या, आणि शेवटी परत उजाड जागा आणि ती दोन कुत्री. गवंडी त्या कुत्र्यांकडे बघत राहिला. आयुष्यात त्याने कितीतरी इमारती बांधल्या होत्या, पण बांधली जाताना एकही पाहिली नव्हती.

"यात तेव्हा आम्ही नव्हतो," तो म्हणाला.

"मीपण नव्हते," पाहुणी म्हणाली. "मी आले आणि मग सगळं झालं. बाबा, या वेळी पहिला धडा सोडून मला आत्तापर्यंतचं सगळं येतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग सरांना म्हणाला, "शेवटचा फोटो जरा थांबवून दाखवता?" सरांनी दाखवला. तो पडद्याच्या अगदी जवळ गेला, गच्चीच्या कठड्यावर बोट ठेवून उभा राहिला, आणि हळूच म्हणाला, "ही भिंत कललीय."

सरांना काही दिसलं नाही. पण भिंतींतलं आपल्याला काय कळतं, असं मनाशी म्हणून ते बाजूला झाले.

"पाडून नव्याने बांधावी लागेल. दाखला राहू द्या आत्ता, सर. वाकडं काम मागे टाकून मी कुठे जात नसतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सगळा वर्ग खिडकीशी होता. गच्चीवर मुकादम हातवारे करत होता. त्याचा आवाज इथवर येत नव्हता, नुसती बोटं नाचताना दिसत होती. गवंडी खाली मान घालून ऐकून घेत होता. मुकादम पाय आपटत निघून गेला, बाकीची माणसं सोमवारी नव्या कामावर गेली, आणि गवंड्याने एकट्याने हातोडा उचलला. मुलांचा रोजचा फोटो पुन्हा सुरू झाला. भिंत थोडी थोडी खाली येऊ लागली, आणि मग अगदी सावकाश वर.

पोरांच्या जिभेला हाड नसतं. "पाहुणीच्या बाबांची भिंत वाकडी!" हे गाणंच झालं. सर त्या वर्षी पहिल्यांदा ओरडले, पण वर्गाबाहेर कुणाकुणाला आवरणार? तिने चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वर्गातच थांबली.

"सर, भूमितीला आपण फोटोवर रेघ मारतो ना, त्या चित्रांच्या ॲपमध्ये? सरळ रेघ?"

"हो."

"त्या दिवशीचा फोटो उघडा."

सरांनी भिंत पाडण्याआधीचा फोटो उघडला. तिने बोटाने एक रेघ इमारतीच्या कडेवरून ओढली आणि तीच रेघ उचलून कठड्याच्या भिंतीवर नेऊन ठेवली. दोन बोटांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. रेघ आणि भिंत यांच्यात केसभरही फट नव्हती.

बाहेर पटांगणात नुसता कल्ला होता. आपण वर्षभर स्वप्नं बघत बसलो, त्यांनी मनाशी कबूल केलं, आणि या माणसाने हातोडा उचलला. जन्मभराचं नाव कमावलेल्या हातांनी आपलीच सरळ भिंत वाकडी ठरवली आणि चारचौघांत बोलणी खाल्ली.

पाहुणीने ती रेघ पुसून टाकली. "पोरांना सांगू नका, सर."

"ते तुला चिडवतात, तरी?"

"बाबांनी सांगितलं नाही, म्हणजे सांगायचं नसेल." तिने गणिताची वही काढली आणि बाकावर नीट, पूर्ण जागेत बसली. "शेवटचा धडा राहिलाय. घ्या ना आत्ता."

सरांनी घेतला. घंटा झाली तरी घेत राहिले.

तीन आठवड्यांनी परीक्षेचा शेवटचा पेपर झाला आणि त्याच दुपारी भिंतीला शेवटची थापी लागली. हा नुसता योगायोग समजायला सर काही दूधखुळे नव्हते. त्यांनी तिचे पेपर सगळ्यांच्या आधी तपासले, मोठ्या बाईंनी तिच्या निकालावर सगळ्यांच्या आधी सही केली, आणि गवंडी दाखला घ्यायला आला तेव्हा कोरा दाखला टेबलावर तयार होता. मुलगी बाहेर आईजवळ, गाठोड्यांपाशी उभी होती.

सरांना राहवलं नाही. त्यांनी आवाज खाली आणला. "मिस्त्री, ती भिंत सरळ होती हो."

गवंड्याने दाराबाहेर एक नजर टाकली आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

"भिंतीचं मला कळतं, सर. तुम्ही दाखला लिहा."

सरांनी पेन उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहून मोठ्याने वाचलं: 'चौथी उत्तीर्ण.' गवंड्याने कागद दोन्ही हातांत धरला, लांब धरून बघितला, आणि म्हणाला, "परत एकदा वाचून दाखवा."