पेडण्याची दुपार

आमच्या कंपनीने नेटवर्क सांभाळायला स्वतःच्याच सर्व्हरवर एक एआय सहायक बसवला. डिचोलीच्या ऑफिसात बसून मी त्याचे अहवाल वाचायचो. रोज दुपारी त्याचं एकच पालुपद: पेडणे शाखेची लाइन बंद, राउटर बदला. शेवटी वैतागून मी त्याला लिहिलं, ‘बाबा रे, राउटर ठणठणीत आहे. तिथला क्लार्क मेन स्विच बंद करून घरी जातो, जेवतो नि आडवा होतो. तीनपर्यंत गप्प बस.’ तेव्हापासून तो गप्प झाला.

परवा बांगड्याचं हुमण जेवून खुर्चीतच माझा डोळा लागला. जागा होऊन पाहतो तर मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी त्याला विचारलं होतं, ‘डिचोलीचा इंजिनिअर उत्तर का देत नाही?’

त्याने कळवलं होतं, ‘इंजिनिअर ठणठणीत आहे. तीनपर्यंत गप्प बसा.’